सनावळीवाल्या काकू

फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्पीपुढे एखाद्या बाई पर्स काखेत मारून उभ्या असतील आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ न बघता थेट मागचा मजकूर वाचत असतील, तर त्या बहुधा सनावळीवाल्या काकू. त्यांना प्रेमकथा हवी असते. तीही मध्ययुगातली. आणि मध्ययुग कधी सुरू होतं, कधी संपतं, याबाबत त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत.

विक्रेता उत्साही असतो. "मावशी, हे घ्या, लई खपतं," म्हणत तो 'आउटलँडर' पुढे करतो. "अरे, यातली बाई १७४३ सालात जाते. तोवर मध्ययुग संपून दोनशे वर्षं उलटली." मग तो 'अ नाइट इन शायनिंग आर्मर' काढतो. नावातच चिलखत आहे, आता कुठे जाल? पण आतला सरदार निघतो १५६४ सालचा. "हा शेक्सपिअरच्या बारशाला जेवायला गेला असता," असं म्हणून काकू पुस्तक परत थप्पीवर ठेवतात, तेही पालथं.

ही जमात पुण्यामुंबईत आहे, बडोद्यात आहे, हल्ली न्यू जर्सीतही आढळते. बहुतेकींची हयात बँकेत नाहीतर शाळेत गेलेली असते, त्यामुळे चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. त्यांचा खास राग स्कॉटिश वीरांवर. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा, सन १३०० च्या सुमाराचा गडी, आणि कमरेला किल्ट! किल्टचे लेखी उल्लेख मिळतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून. काकूंसमोर 'ब्रेव्हहार्ट'चं नाव तर काढूच नये. त्या सिनेमात विल्यम वॉलेस आणि राजकन्या इझाबेला यांचं सूत जुळतं. प्रत्यक्षात वॉलेसला १३०५ मध्ये देहदंड झाला, तेव्हा ही इझाबेला फ्रान्समध्ये जेमतेम दहा वर्षांची होती. नवरी म्हणून ती इंग्लंडात आली १३०८ मध्ये. "पोर सागरगोटे खेळत होती हो!" काकू कळवळतात.

स्वयंपाकघरातही त्यांची झडती चालते. नॉर्मन सरदाराच्या रश्श्यात बटाटा सापडला की पुस्तक बंद. मराठी लेखकांनाही सूट नाही. यादवांच्या मुदपाकखान्यात कुणी हिरव्या मिरचीचा ठेचा वाटायला घेतला, तर तिथल्या तिथे पोर्तुगीजांवर व्याख्यान होतं.

मग यांना आवडतं तरी काय? फार थोडं, पण जे आवडतं ते जीव तोडून. त्यांची कसोटी एकच: प्रेमाच्या आड येणारी गोष्ट त्या काळातली हवी. फर्ग्युसन रस्त्यावरची मुलगी झगा घालून बाराव्या शतकात हिंडवली तर ती त्यांना पहिल्या पानावर ओळखू येते. म्हणून अ‍ॅन्या सेटनची १९५४ ची 'कॅथरिन' त्यांच्या उशाशी. जॉन ऑफ गाँट हा राजपुत्र, कॅथरिन त्याच्या मुलींची शिक्षिका. मुलं आधी झाली आणि लग्न लागलं पार १३९६ मध्ये, लिंकनला. पुढे त्या मुलांना कायद्यानं औरस ठरवलं आणि त्यांच्याच वंशात हेन्री सातवा निघाला. दुसरं दैवत म्हणजे सिग्रिड उंडसेटची 'क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर', चौदाव्या शतकातल्या नॉर्वेची. पण ती घेतानाही काकू अनुवादक तपासतात. जुन्या इंग्रजी अनुवादात भाषा मुद्दाम जुनाट केलेली आणि काही मजकूर गाळलेला. टीना नन्नलीच्या अनुवादात तो परत आला. मैत्रिणीनं चुकून जुना आणला, तर चहा मिळतो, बिस्किट मिळत नाही.

"त्या काळात कसलं आलंय प्रेम?" असं एखाद्या भाच्यानं म्हणायची खोटी, काकू पॅस्टन घराण्याची पत्रं काढतात. इंग्लंडातलं नॉरफकचं हे जमीनदार घराणं. १४६९ मध्ये त्यांच्या मार्जरीनं घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्न केलं. तेव्हाच्या चर्चच्या कायद्यानं दोघांनी एकमेकांना वर्तमानकाळात शब्द दिला की लग्न पक्कं. पाद्री लागत नसे, वडीलधारे तर नसतच. बिशपनं खोदून खोदून विचारलं, पोरगी बधली नाही. आईनं घराचे दरवाजे बंद केले, पण लग्न टिकलं. त्याच घरातल्या तिच्या भावाला १४७७ च्या फेब्रुवारीत त्याच्या वाग्दत्त वधूनं पत्र पाठवलं. इंग्रजीतलं सर्वांत जुनं उपलब्ध व्हॅलेंटाइन पत्र म्हणून ते गाजलेलं आहे. त्यात विरहानं तब्येत ढासळल्याचं कळवलं आहे आणि त्याच दमात, हुंडा वाढवण्यासाठी आई बाबांच्या मागे लागली आहे हेही. याद्यांची बैठक आणि प्रेमपत्र एकाच कागदावर! हे कुठल्या कादंबरीकाराला सुचलं असतं, असा काकूंचा सवाल असतो आणि तो रास्त आहे.

कादंबरीकारांवर चिडण्याची ही परंपरा जुनी आहे. स्कॉटनं 'आयव्हनहो'मध्ये नायकाचं लग्न तेजस्वी रिबेकाशी न लावता रोवेनाशी लावलं. ते न पटून थॅकरेनं 'रिबेका अँड रोवेना' नावाची उत्तरकथाच लिहिली आणि जोडी आपल्या मनासारखी जुळवली. काकूंनी अजून तेवढं केलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिकांची सहल वेरूळला गेली. गाईड कैलास लेण्याची लांबीरुंदी सांगत होता आणि निम्मी मंडळी काकूंभोवती जमली होती. गुजरातच्या कर्ण वाघेल्याची मुलगी देवलदेवी, देवगिरीच्या रामदेवरायाच्या मुलाशी लग्न ठरलेली. फिरिश्त्याच्या तवारीखेप्रमाणे लेणी बघायला आलेल्या खिलजीच्या सैनिकांशी गाठ पडून ती इथेच कुठेतरी पकडली गेली, दिल्लीला नेली गेली, आणि शहजादा खिज्रखान तिच्या प्रेमात पडला. अमीर खुस्रोनं त्यावर फारसी मसनवी रचली. यातलं खरं किती, यावर इतिहासकार भांडतात, हेही काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग? सुखी झाली का ती?" एका आजोबांनी विचारलं.

"त्याचे डोळे काढले. नंतर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारलं."

आजोबांचा चेहरा पडला. तरी त्यांनी पुस्तकाचं नाव मागितलंच. "गुजरातीत 'करण घेलो' आहे, १८६६ ची," काकू म्हणाल्या. "मराठीत माझ्या मनासारखी अजून मिळाली नाही. तुम्हाला दिसली तर कळवा, पण आधी मिरची आहे का ते बघा." आणि त्यांनी पर्समधून पेन काढून आजोबांच्या सहलीच्या पत्रकामागे आपला फोन नंबर लिहून दिला.