रेंजचा दगड

माझा जन्म 2 जानेवारी 1977 चा. या तारखेबद्दल चव्वेचाळीस वर्षं माझी काहीही तक्रार नव्हती. मग 1 एप्रिल 2021 पासून पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना कोरोनाची लस खुली झाली आणि नियमात लिहिलं होतं : 1 जानेवारी 1977 च्या आधी जन्मलेले पात्र. माझं दोन दिवसांनी हुकलं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टरांनी एकतीसच तारीख दिली होती. तूच लोळत पडलास. पहिल्यापासून तुझं असंच."

तिचा पहिला डोस मार्चमध्येच झाला होता. टोचून आल्यावर तिनं कपाळावर आठीसुद्धा न घालता पोहे केले होते. मी मात्र टक्कल, जवळचा चष्मा आणि वाजणारा गुडघा घेऊन 'अठरा ते चव्वेचाळीस' या तरुणांच्या गटात ढकलला गेलो. एरवी कुणी मला तरुण म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

खरं सांगायचं तर मला सुईची भीती वाटते. शाळेत टोचायला माणसं आली की मी मागच्या भिंतीवरून उडी मारायचो आणि आई कान धरून पुढच्या दारानं आणायची. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे वाचल्यापासून मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि थोडा संशयही. त्यामुळे तरुणांची बारी 1 मेपर्यंत लांबली, याचं दुःख मी घरात मोठ्यानं केलं आणि मनात हळूच.

1 मे उजाडला. स्लॉट मात्र उजाडेना. लसनोंदणीच्या पोर्टलवर हिरवी चौकट दिसायची, बोट टेकवेपर्यंत ती लाल व्हायची. शेवटी 9 तारखेच्या संध्याकाळी आम्ही मोर्चेबांधणी केली. दोन लॅपटॉप, तीन मोबाइल, फायबरचं इंटरनेट आणि सेनापतीपदी आमचा नववीतला चिरंजीव. हा मुलगा दोन वर्षं मोबाइलवर माणसं मारतो म्हणून मी त्याला रोज बोलत होतो. त्या अंगठ्यांनी त्या संध्याकाळी बापाचं कल्याण केलं. सात वाजून काही सेकंदांनी तो ओरडला, "मिळाला!"

"कुठं?"

"वेल्हे तालुका."

आम्ही राहतो हडपसरला. ज्या कारखान्यात कोविशील्ड ही लस तयार व्हायची, तो आमच्या घरापासून पाच किलोमीटरवर. 12 जानेवारीच्या पहाटे लशीचे पहिले ट्रक तिथून पूजा करून निघाले, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. तीच लस दोन ते आठ अंशांच्या थंड पेटीत बसून, भांडार-भांडार करत वेल्ह्याच्या डोंगरात गेली आणि आता तिच्या मागोमाग मी, एसी बिघडलेल्या गाडीतून, बेचाळीस अंशांत, पासष्ट किलोमीटर जाणार होतो. विहिरीच्या काठी राहून टँकरच्या मागे धावावं, तसं.

गाडी बायकोनं चालवली. परत येताना मी शुद्धीवर असेन याची तिला खात्री नव्हती. आईनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. टाळेबंदीमुळे हायवे इतका मोकळा होता, की खेड शिवापूर कधी मागे पडलं ते कळलंही नाही. नाक्यावरच्या पोलिसानं विचारलं, "कुठं?" बायको म्हणाली, "लसीला." त्यानं गाडीत वाकून आम्हाला नीट पाहिलं आणि बाजूच्या पोलिसाला म्हणाला, "सोड. सकाळपासून अख्खं पुणं चाललंय."

नसरापूरला वळलो. पुढे तोरणा दिसला. शिवाजी महाराजांनी घेतलेला हा पहिला किल्ला. 1403 मीटर उंच, पुणे जिल्ह्यात याच्याहून उंच गड नाही. एवढ्या अवघड जागी त्यांनी स्वराज्याचं तोरण बांधलं, तेही रेंज नसताना. रेंजचा मुद्दा त्या वेळी मला सहज सुचला होता. अर्ध्या तासात तो माझ्या अंगाशी आला.

आरोग्य केंद्र म्हणजे पिवळ्या रंगाची बैठी इमारत, समोर चिंच, चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर कोथरूड, सिंहगड रस्ता, बिबवेवाडी असं सगळं पुणे. एक गृहस्थ स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले होते आणि सगळ्यांना अंतर कसं ठेवायचं ते शिकवत होते. पलीकडे पारावर गावातली चार माणसं बसली होती. त्यांतल्या एका आजोबांनी मला हाक मारली.

"पाव्हणं, पुन्यात लस संपली व्हय?"

"हो, म्हणजे मिळत नाही."

"आन् बनती कुठं म्हनं?"

"पुण्यात."

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं बाजूच्या आजोबांकडे पाहिलं. असल्या बघण्यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

आत टेबलावर एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. आधार कार्ड पाहून म्हणाला, "कोड सांगा."

"कसला कोड?"

"चार आकडी. परवापासून नवीन आलाय. स्लॉट बुक झाल्यावर मेसेज आला असेल."

मेसेज आला होता. तो मी पुसला होता. कारण बँक मला गेली दहा वर्षं रोज बजावते आहे, की चार आकडी काहीही आलं तर कुणालाही सांगू नका. मी एक पाऊल पुढे जातो आणि स्वतःलाही कळणार नाही अशी व्यवस्था करतो. बुकिंगच्या चिठ्ठीची प्रिंट चिरंजीवांनी काढून दिली होती. ती आमच्या फ्रीजवर चुंबकाखाली होती. फोन काढला तर त्यात एकही दांडी नव्हती.

"कोडशिवाय एंट्री होत नाही," मुलगा म्हणाला. "रेंज दगडावर येते."

"कुठल्या?"

"रेंजच्या." जणू मी पुण्यात पर्वती कुठं असं विचारलं होतं.

मागून सिस्टर बाहेर आल्या. निळी साडी, वर पांढरा कोट, कोटाच्या वर फक्त डोळे. त्यांनी खुर्च्या मोजल्या. "एका बाटलीत दहा डोस असतात. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. दहा माणसं झाल्याशिवाय मी उघडणार नाही. किती झाले?"

"नऊ," घडीच्या खुर्चीवाले म्हणाले.

"दहावा?"

सगळं पुणं माझ्याकडे वळलं. मी दगडाच्या दिशेनं धावलो.

रेंजचा दगड शाळेच्या मागच्या टेकाडावर होता. काळा, बैलगाडीएवढा, वरून बूड टेकून टेकून गुळगुळीत झालेला. मे महिन्यात दुपारी बारा वाजता तो तव्यासारखा तापला होता आणि त्यावर पोत्याची घडी टाकून बावीसेक वर्षांचा एक पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मला पाहून तो सरकला. "हितं बसा. फोन डाव्या हातात धरा. तोंड टाकीकडं करा."

मी तोंड टाकीकडे केलं. एक दांडी आली. चिरंजीवांना फोन लावला. चिरंजीव रात्रीच्या विजयानंतर झोपले होते. मग घरच्या लँडलाइनवर लावला. आईनं उचलला.

"झालं का रे? मुंगी चावल्यासारखंच वाटतं की नाही?"

"आई, फ्रीजवरची चिठ्ठी बघ. त्यावरचे चार आकडे सांग."

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. मग आई वाचू लागली. "चार, एक, एक, शून्य..."

"थांब! चार झाले."

"अजून आहेत की. दोन, आठ."

"आई, तो हडपसरचा पिनकोड आहे! त्याच्या खाली बघ."

"खाली दहा तारीख आहे. आजचीच. त्याच्या खाली... हं, आहेत बाबा चार. तीन. शून्य."

आवाज तुटत होता. पोरग्यानं खालची एक गारगोटी उचलली आणि दगडावर ओढली : 3 0.

"पुढं?"

"सात." गारगोटी खर्रकन वाजली.

"आणि शेवटचा?"

फोनमध्ये नुसती खरखर. "...आ..."

"सात की आठ?"

"हो."

"आई! दिसतो कसा? आकडा दिसतो कसा?"

"अरे एकावर एक दोन लाडू!"

फोन मेला. पोरगा हसत सुटला आणि त्यानं दगडावर एकावर एक दोन लाडू काढले. 3078. काळ्या कातळावर पांढरे आकडे. मी त्यांच्याकडे ताम्रपट पाहावा तसा पाहत राहिलो.

धाप जिरेपर्यंत बसलो. त्याच्या मोबाइलवर तेच पोर्टल उघडं होतं. मधलं चाक फिरत होतं.

"तुझापण कोड हरवला?" मी विचारलं.

"न्हाई. स्लॉटच न्हाई. काल संध्याकाळी सातला हितंच बसलोवतो. चाक फिरत ऱ्हायलं आन् मग फुल्ल दाखवलं."

काल संध्याकाळी सात. खाली आरोग्य केंद्राची कौलं दिसत होती. दगडापासून तीनशे पावलं असतील.

"काय करतोस तू?"

"दुधाची पिकअप हाय. रोज पहाटं पुन्याला. तुमच्या हडपसरलाच येतो की."

मी बोलायला तोंड उघडलं. तोंडावर मास्क होता, ते बरं झालं.

तेवढ्यात खालून आशाताईंची हाक आली. "दहावं पाव्हणं हायती का वर? लोक बोंबलायला लागल्यात!" पोरगा म्हणाला, "जावा, बाटली खोळंबलीय." मी त्याचा नंबर घेतला. माझा मुलगा तुझं बुकिंग करून देईल, असं म्हणालो. हे बोलणं मला तेव्हाही फार मोठं वाटलं नाही.

उतरताना कोड विसरू नये म्हणून मी मोठ्यानं घोकत होतो. तीन शून्य सात आठ, तीन शून्य सात आठ. पुण्यानं मला उन्हात उभं राहून शिव्याशापांनी ओवाळलं. घडीची खुर्ची म्हणाली, "बेजबाबदारपणाची कमाल आहे." मी पुटपुटतच आत गेलो, बाही वर केली, डोळे मिटले. तीन शून्य सात आठ.

"अहो, कोड मगाशीच टाकला," सिस्टर म्हणाल्या. "आता बाही खाली करा. पुढचे या."

इतक्या वर्षांची भीती, आणि तिचा निकाल माझ्या गैरहजेरीत लागला. नंतरची तीस मिनिटं निरीक्षणाची. चिंचेखाली बसून मी आणि बायकोनं दशम्या खाल्ल्या. बायको अजून लसीविना होती, आणि तिनं एकदाही तसं म्हटलं नव्हतं. टेकाडाकडे पाहिलं तर तो ठिपका तिथंच होता, तोंड टाकीकडे करून.

चिरंजीवांनी दोन संध्याकाळ त्या पोरग्यासाठी अंगठे झिजवले. 12 तारखेला राज्यानं आमच्या गटाचं लसीकरणच थांबवलं आणि होती ती लस पंचेचाळिशीवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली. आजोबांना ती मिळाली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. 13 तारखेला दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. माझा दुसरा डोस ऑगस्टात झाला, घरापासून चालत चार मिनिटांवर. त्यावर प्रवासवर्णन होत नाही.

जुलैच्या सुरुवातीला एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. मागे पिकअपचं इंजिन आणि दुधाच्या क्रेटचा खडखडाट.

"सायेब, टोचली. गावातच. आशाताई घरी येऊन घेऊन गेल्या. कोड-बिड काय न्हाई."

"दुखलं?"

"मुंगी चावल्यासारखं." मग थांबून म्हणाला, "तुमचा आकडा अजून हाय बरं का दगडावर. एवढा पाऊस पडला, पन गेला न्हाई."

"कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.