साहेब, बर्लिन तुम्ही पाहिलंय का?

माननीय परदेशी-शिक्षण सल्लागार साहेब,

तुमच्या कृपेने बर्लिनला सुखरूप पोचलो. पुण्यातल्या तुमच्या ए.सी. ऑफिसात ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या भल्यामोठ्या फोटोखाली बसून तुम्ही माझ्या वडिलांना म्हणाला होतात, "काका, डोळे झाकून पाठवा." इंदुरीतले रस्त्याकडचे गुंठे विकून सही करताना त्यांनी बहुधा खरंच डोळे झाकले असावेत.

जर्मन माणूस म्हणजे घड्याळ, हे तुमचं आवडतं वाक्य. मी उतरलो तो विमानतळ 2011 साली सुरू व्हायचा होता. उघडला 2020च्या ऑक्टोबरात. तळेगाव-चाकण रस्त्याच्या कोंडीत वाढलेल्या पोराला किती घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू! रेल्वेचंही तसंच. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या शंभरातल्या साधारण बासष्ट गाड्या वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर इथे उशीर धरतच नाहीत. आम्ही उगाच लोणावळा लोकलला शिव्या घालायचो.

इथल्या मेट्रोला फाटक नाही हे पाहून तुमची आठवण झाली. तुमच्या त्या पैसे घेऊन घेतलेल्या मार्गदर्शन वर्गात सांगितलं होतं, "तिकीट काढलं की झालं." कागदी तिकिटावर यंत्राचा शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि साध्या कपड्यातला तपासनीस 60 युरो दंड करतो, एवढं सांगायला वर्गात वेळ उरला नसेल. प्रेशर कुकरच्या शिट्टीवर मात्र तुम्ही अर्धा तास बोलला होतात. कुकर आणलाय. इंद्रायणी तांदूळही आणलाय. रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद असतात, तेव्हा तोच उपयोगी पडला.

घराचं तर विचारूच नका. घर मिळाल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचा दाखला हवा. तुम्ही मिळवून दिलेल्या "स्टुडंट अकोमोडेशन"चा मालक दाखला देत नाही. पत्ता नोंदवला नाही तर कर-क्रमांक येत नाही, तो नसला की नोकरी देणारा कुरकुरतो. आणि नोकरीतूनच सगळा खर्च निघणार, हे गणित तुमचंच. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातले 11,904 युरो दरमहा 992 प्रमाणे हातात येतात. त्यातला मोठा वाटा त्या दाखला न देणाऱ्या मालकाच्या घशात.

या शहरात पहिलं मराठी ऐकलं ते सिग्नलला. पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी, पावसात भिजलेला सायकलवाला फोनवर आईला सांगत होता, "हो गं, ऑफिसलाच निघालोय." त्याच्याशी बोललो. तोही कुणातरी सल्लागार साहेबांचा यशस्वी विद्यार्थी निघाला. बर्लिनमध्ये असे चिक्कार आहेत. तुमच्या भिंतीवर त्यांचे व्हिसा मिळाल्याचे फोटो असतील. पेटीसकटचेही लावा, जागा आहे.

आता तुमच्या "नामांकित" विद्यापीठाकडे वळू. ऑफिसच्या इमारतीत चौथा मजला. कॅम्पस कुठे म्हणून विचारलं, तर रिसेप्शनवरची बाई गोड हसून म्हणाली, "तुम्ही कॅम्पसमध्येच उभे आहात." आमच्या गावातल्या खंडेराव दाभाड्यांच्या गढीचं आवार याहून प्रशस्त आहे, शिवाय तिथे कडजाईचं देऊळ आहे. फी वर्षाला दहा लाखांच्या पुढे.

परवा बर्लिनच्याच डालेम भागात गेलो. इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला आल्या, त्या याच भागातल्या मानववंशशास्त्र संस्थेत. सासरे धोंडो केशव कर्वे त्यांना पाठवायला राजी नव्हते, नवऱ्याने साथ दिली. गोऱ्यांची कवटी श्रेष्ठ ठरावी अशी त्यांच्या प्राध्यापकाची इच्छा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा पुरावा नाही असं लिहून दिलं. प्रबंध मान्य झाला, पदवीही मिळाली. संस्थेची ती इमारत आज फ्राये विद्यापीठाकडे आहे. सरकारी विद्यापीठ, बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क नाही. सेमेस्टरला काहीशे युरो भरायचे, तेही रेल्वे-बसच्या पाससकट.

हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमच्या ज्ञानाचा अपमान होईल. फक्त सरकारी विद्यापीठ तुम्हाला विद्यार्थ्यामागे कमिशन देत नाही, आणि खासगी देतं. "तुझं प्रोफाइल तिथे चालणार नाही," असं तुम्ही मला सांगितलंत, तेव्हा तुम्ही माझे गुण पाहिलेसुद्धा नव्हते. गुणपत्रिकेची फाइल वडिलांच्या मांडीवर होती.

असो. माझा चुलतभाऊ पुढच्या सोमवारी तुमच्याकडे येतोय. त्याला प्रवेश नकोय. बर्लिनमधल्या सरकारी विद्यापीठांची यादी छापून आणेल, तेवढी तुमच्या बाकावर बसलेल्या मुलांना वाटेल. त्याला चहा पाजा. साखर कमी.

आपला,
इंदुरीचा एक "स्ट्राँग प्रोफाइल"