पाड्यावर जाणाऱ्या नव्या पोलिसासाठी सूचना

जव्हार किंवा मोखाड्याला बदली झाली म्हणून तोंड पाडून येऊ नका. हवा थंड आहे, आणि 'जनता आपली मित्र' हा फलक लावायला पाडेही भरपूर.

गाडी लांब लावून पायी चढा. खाकी दिसली की आधी मोहाच्या दारूचे डबे दिसेनासे होतील, मग माणसं. यात अपमान मानू नका. तुमचं खातं एरवी कोणत्या कामासाठी एवढं चढून येतं, ते आठवा. सोबत पोलीस पाटील असू द्या. 1967च्या कायद्याने नेमलेला हा माणूस गावचाच असतो. मात्र त्याच्याच ओटीवर चहा पिऊन 'गावाशी संवाद साधला' असं लिहू नका.

बैठक जानेवारीत ठेवलीत तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या हजर राहतील. बाकीचा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. होळीला माणसं परततात, तेव्हा या. 112 नंबर जरूर सांगा, आणि रेंज कुठल्या टेकाडावर मिळते तेही.

अफवांवर भाषण देण्याआधी हे लक्षात ठेवा: एप्रिल 2020मध्ये शेजारच्या डहाणू तालुक्यात, गडचिंचले इथे, चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांसमोर मारलं. पुढे जिल्हा पोलिसांनी 'जनसंवाद' अभियान काढलं. ओळख आधी करून ठेवावी लागते, रात्री जमाव जमल्यावर होत नाही.

आता अवघड धडा. मालकाकडून उचल घेतलेला एखादा कातकरी ठाण्याच्या दारात येईल. तो पायरीवर बराच वेळ बसेल, काही बोलणार नाही. त्याला 'आपसात मिटवा' म्हणण्याचा मोह होईल. तंटामुक्त गाव मोहीम 2007पासून आहे, आणि मिटवलेलं प्रकरण कागदावर छान दिसतं. पण सावकाराचं किंवा मालकाचं देणं फेडायला राबवून घेणं हा तंटा नव्हे. 1976च्या वेठबिगारी कायद्याने तो दखलपात्र गुन्हा आहे. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी राबावं लागलेल्या बापाच्या आत्महत्येनंतर, 2021मध्ये, मोखाड्यातच गुन्हा नोंदला गेला. पायरीवरचा माणूस जिवंत आहे तोवर नोंदवा.

खुर्ची द्या, तो बोलतो त्या बोलीत ऐका, समजलं नाही तर पुन्हा विचारा. फोटो नंतर काढता येईल. आणि फिर्यादीची प्रत फुकट द्यायची असते; झेरॉक्सचे पैसे मागू नका.