पाटीवरची बाराखडी

लग्नसराईत ब्लाउज शिवायला टाकताना मराठी बाई जी चौकशी करते, तिची शिकवणी सीबीआयने लावावी. टेलरने आधी कुणाकुणाचे शिवले, बाही कुणाची फसली, ट्रायल किती देतो, बिघडलं तर उसवून देतो का. हीच बाई वर्षानुवर्षं खांद्यात रुतणारे पट्टे, आखडलेली मान आणि उन्हाळ्यात स्तनांखाली उठणारं पुरळ सोसून अखेर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करते, तेव्हा सर्जन मात्र रीलवर निवडते. रीलमध्ये पांढरा कोट असतो, मागे ऑर्किड असतात आणि ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ असा दिलासा असतो.

दोष एकट्या तिचा नाही. टेलरचं नाव शेजारणीला विचारता येतं. हा विषय घरात काढला की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात.

मग उरते दवाखान्याची पाटी. तिच्यावर ‘कॉस्मेटिक सर्जन’, ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ आणि पुढे अर्धी बाराखडी. यातलं ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे पदवीचं नावच नव्हे. या शस्त्रक्रियेची नेहमीची वाट लांबची आहे: एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत तीन वर्षं, मग प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीआरएनबीची आणखी तीन. एवढी वर्षं रीलमध्ये मावत नाहीत, म्हणून तिथे ऑर्किड.

यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून केशरोपणासारख्या प्रक्रिया सुरू करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी कळवावं लागलं. ज्या देशात हे लिहून द्यावं लागतं, तिथे पाटी नीट वाचलेली बरी. पुढे कानपूरमध्ये केशरोपणानंतर दोन इंजिनीअर दगावले. आरोप झाला तो एका दंतवैद्य बाईंवर. डोक्याचे केस काय आणि दात काय, दोन्ही मानेच्या वरच.

यावर घरातले एखादे काका पुण्याचा इतिहास काढतातच. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक लावलं, त्याच्याकडे कुठली पदवी होती? नव्हती. पण ही शस्त्रक्रिया मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिल्याची नोंद आहे आणि तिची हकिकत 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये रोग्याच्या चित्रासह छापून आली. साक्षीदार, रोग्याचं नाव, चेहरा, सगळं उघड. आजच्या ‘आधी-नंतर’ फोटोंत बाई कोण ते कळत नाही ते ठीक, पण ‘नंतर’च्या वेळी दिवाही बदललेला असतो.

बिनकामाचा सर्जन ‘काहीच होत नाही’ म्हणतो. कामाचा माणूस आधी घाबरवतो. स्तनाग्राला रक्त पोचवणारा ऊतींचा देठ सांभाळूनच बाकीचं काढायचं असतं. तो देठ कोणत्या बाजूचा ठेवणार, हे तो चित्र काढून दाखवतो. जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण राहील, संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं अवघड जाऊ शकतं, हेही सांगतो. सिगारेट बंद करायला लावतो, वयानुसार मॅमोग्राम मागतो, काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवतो. वर्षभरानंतरच्या व्रणांचे फोटो मागितले तर वाईट दिसणारेही दाखवतो. भूलतज्ज्ञ कोण, शस्त्रक्रिया कुठे, हे विचारल्यावर त्याला राग येत नाही. महाराष्ट्रात रुग्णालयाची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली असावी लागते. त्याच कायद्याच्या 2021 च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात हवं. ते बहुधा मनीप्लांटच्या मागे सापडतं.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असायला हवा, असं 2002 पासूनचे नियम सांगतात. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो. पण ‘क्रमांक काय?’ असं डॉक्टरला विचारणं म्हणजे पाहुण्याला ‘कधी जाणार?’ विचारण्यासारखं वाटतं, तिथेच सगळं अडतं.

विमा कंपनीला मात्र कसलाच संकोच नसतो. मान दुखते ती बाईची, कंपनीला दिसतं ते सौंदर्य. कॉस्मेटिक उपचार वगळणारं कलम ती बोट ठेवून दाखवते. वैद्यकीय गरजेचा अपवाद त्याच कलमात आहे, पण तो मिळवायला सर्जनने लक्षणं नीट लिहून द्यावी लागतात. बहुतेकदा पैसे खिशातूनच जातात आणि खिशातून जाणार म्हटल्यावर ‘पॅकेज’ गोड वाटू लागतं.

पॅकेज सांगायला सर्जन येत नाही. टॅब घेतलेली काउन्सेलर येते, आज बुक केलं तर सूट देते आणि हप्तेही बांधून देते. सर्जन भेटतो थेट ऑपरेशनच्या दिवशी, तोंडाला मास्क लावून. तोवर बाईंना सलाइन लागलेलं असतं.