उंदराची टोपी, मुक्काम पोस्ट पनवेल

म्हातारी लेकीकडे निघते आणि वाटेत वाघ आडवा येतो. म्हातारी म्हणते, बाबा रे, आत्ता माझी नुसती हाडं आहेत. लेकीकडे जाते, चार दिवस खाऊनपिऊन लठ्ठ होते, परत येताना खा. वाघ मान डोलावून बाजूला बसतो. लहानपणी आपण सगळे म्हातारीवर खूश होतो. मतदारयादीत नाव आल्यावर लक्षात येतं की या गोष्टीत आपण आहोत खरे, पण म्हातारी नव्हे. आपण वाघ.

पनवेलचा वाघ तर फारच समजूतदार. १८ फेब्रुवारी २०१८ ला पंतप्रधानांच्या हस्ते नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन झालं, तेव्हा २०१९ संपायच्या आत पहिलं विमान उडणार असं ऐकवण्यात आलं. वाघ बसला. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली, फ्लॅटच्या जाहिरातींत 'विमानतळापासून दहा मिनिटांवर' छापून ती दहा मिनिटं जुनी झाली. उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला, प्रवासी विमानं उडाली २५ डिसेंबरला. म्हातारी अखेर आली, आणि कबूल केल्याप्रमाणे चांगली लठ्ठ होऊन आली, हे नाकारता येणार नाही. फक्त ती भोपळ्यात बसून आली, आणि तिकीट काढल्याशिवाय भोपळ्याजवळ जाता येत नाही.

दुसरी म्हातारी मात्र अजून वाटेतच आहे. पळस्पे फाट्यावरून कोकणात जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. पळस्पे ते इंदापूर हे अंतर ८४ किलोमीटर. तेव्हापासून दरवर्षी श्रावण लागला की घोषणा होते, 'गणपतीच्या आधी.' कोणत्या गणपतीच्या, असं विचारणारा विरोधी पक्षाचा समजला जातो. मग निवडणुका होतात, तो सत्तेत जातो आणि 'गणपतीच्या आधी' असं स्वतः सांगू लागतो. आमच्या आज्या याच प्रकाराला कापूसकोंड्याची गोष्ट म्हणत. तुम्ही काहीही विचारा, उत्तरात तुमचाच प्रश्न परत मिळतो. माहितीच्या अधिकारात अर्ज केलेल्या कोणालाही ही गोष्ट तोंडपाठ असते.

राजा-राणीच्या गोष्टी आमच्याकडे थोड्या उलट्या चालतात. इतरत्र राजा एक आणि राण्या दोन, आवडती नि नावडती. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे राणी एक आणि राजे दोन. थोरले सिडकोमहाराज, नवी मुंबई वसवणारे, १९७० सालचे. धाकटे महापालिकामहाराज, राज्याभिषेक १ ऑक्टोबर २०१६. थोरल्यांनी सेवाशुल्क घेतलं. धाकट्यांनी काही वर्षं ब्र काढला नाही आणि मग एक दिवस थेट २०१६ पासूनच्या मालमत्ता कराची बिलं धाडली. राणी म्हणाली, अहो, त्या वर्षांचे पैसे थोरल्यांना दिलेत. धाकटे म्हणाले, तो तुमच्या दोघांतला मामला. पाण्याचा विषय काढला की मात्र दोन्ही महाराज अत्यंत आदराने एकमेकांकडे बोट दाखवतात आणि राणी टँकरवाल्याला फोन लावते. २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं धाकट्या राजवाड्यात नुसता प्रधान होता. तिकडे रायगड जिल्ह्याला जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री पालकमंत्री मिळाला आणि दुसऱ्या रात्री त्याला स्थगिती मिळाली. इतक्या लवकर तर बेडकाचा राजपुत्रही होत नाही.

मंत्र्याला राजा म्हणायची ही सोय आपल्याकडे जुनी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा तमाशाने 'लोकनाट्य' असं नाव लावलं आणि तोच राजा, तोच प्रधान, तोच कोतवाल घेऊन पुन्हा बोर्डावर उभा राहिला. अण्णाभाऊ साठ्यांनी त्यातून सावकाराची आणि सरकारची सालटी काढली. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने १९६५ पासून महाराष्ट्राला खुर्च्यांचे खेळ दाखवले. मंत्र्याचं नाव घेतलं तर नोटीस येते, राजाचं घेतलं तर टाळ्या पडतात. पहिल्या रांगेतला मंत्रीही मनापासून हसतो, कारण हे आपल्याबद्दल नसून शेजारच्या खात्याबद्दल आहे अशी त्याची खात्री असते.

पण मराठीतली सगळ्यात राजकीय गोष्ट कोणती म्हणाल तर उंदराच्या टोपीची. तिच्यावर बंदी कशी आली नाही याचंच मला नवल वाटतं. उंदराला चिंधी सापडते. धोबी, रंगारी, शिंपी या सगळ्यांना तो शिपायांची भीती घालून काम करून घेतो. म्हणजे वॉर्डातला होतकरू कार्यकर्ताच म्हणा. टोपी होते, गोंडे लागतात, गडी ढोल वाजवत राजवाड्यासमोर येतो आणि सांगतो, राजाच्या टोपीपेक्षा माझी चांगली. राजा चिडून टोपी हिसकावून घेतो. उंदीर ढोल वाजवतो, राजा भिकारी, माझी टोपी घेतली. राजा ओशाळून टोपी फेकतो. उंदीर पुन्हा वाजवतो, राजा मला भ्याला. घेतली तरी पंचाईत, दिली तरी पंचाईत! विरोधी पक्षांच्या प्रशिक्षण शिबिरांवर एवढा खर्च होतो. ही एक गोष्ट सांगून जेवायला सोडलं तरी चालेल.

आमच्या भागाने ही गोष्ट करूनही पाहिली आहे. टोपीच्या जागी जमीन होती, सिडकोसाठी शेतकऱ्यांकडून घेतलेली. जासईचे, पनवेलला वकिली करणारे आणि पनवेलचेच आमदार राहिलेले दि. बा. पाटील ढोल वाजवायला पुढे होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा आणि परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, ५ जण गेले. उंदराच्या गोष्टीत कोणी मरत नाही, तिला लहान मुलांची गोष्ट म्हणतात ती त्यामुळेच. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं ते त्या रक्तानंतर. पुढे विमानतळाला कोणाचं नाव द्यायचं, यावरून २४ जून २०२१ ला, दिबांच्या स्मृतिदिनी, माणसांनी सिडकोला वेढा घातला. २०२२ मध्ये राज्याने दिबांच्या नावाचा ठराव करून दिल्लीला पाठवला. उद्घाटनाच्या दिवशी विमानतळावर सगळं होतं, कमळाच्या पाकळ्यांसारखे खांबसुद्धा होते. नावाची घोषणा तेवढी झाली नाही. राजाने टोपी परत दिली, असं उंदराला कळवण्यात आलं. टोपी मागाहून येईल.

एवढं होऊनही राजे काहीच शिकले नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. गोष्टीतला राजा कच्चा होता, त्याने टोपीला हात लावला. आताचे राजे हात लावत नाहीत, उलट उंदराला बोलावून स्वतःच्या हाताने टोपी घालतात. निवडणूक आली की रंग बदलून मिळतो, गोंडे पक्षातर्फे. फार चांगला वाजवणारा असला, तर त्याला स्वीकृत नगरसेवक करून घेतात. ढोल भांडार विभागात जमा होतो आणि नोंदवहीत त्याच्यापुढे शेरा पडतो : सुस्थितीत, वापरात नाही.