बाटल्या चार, श्वास किती?

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही टीव्हीवर झळकला आणि लोकांनी कपाटाच्या तळातून कोविडचे मास्क उपसून काढले. चीनचा नवा व्हायरस म्हणे! नवा कसला? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याला ओळखलं २००१ साली, आणि त्याआधी कित्येक वर्षं तो पोरांच्या नाकातून बिनबोभाट वाहतच होता. पण चीनचं नाव लागलं की शेंबडालाही प्रतिष्ठा येते.

त्याच्याच कुळातला आरएसव्ही मात्र प्रसिद्धीविना राहिला. दोन वर्षांचं होईस्तोवर जवळजवळ प्रत्येक मूल त्याच्या तावडीतून एकदा तरी जातं. बहुतेकांना नुसती सर्दी होते. काहींच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात आणि छाती घरघरू लागते. मग घरात सभा भरते. आजी म्हणते, कफ भरलाय. बाबा म्हणतात, अँटिबायोटिक चालू करू. मेडिकलवाला काहीच म्हणत नाही, बाटली काउंटरवर ठेवतो.

फ्रिजचं दार उघडून बघा. गुलाबी सिरप, केशरी सिरप, झोपेचं म्हणून प्रवासासाठी ठेवलेलं सिरप आणि पाणी घालून कालवलेलं मागच्या पावसाळ्यातलं अँटिबायोटिक. ते आठवडा-दोन आठवड्यांतच टाकून द्यायचं होतं. शिवाय विषाणूवर त्याचा उपयोग शून्य. तरी 'गुण' येतो. येणारच! सर्दी आपल्या पायांनी निघून जाते आणि श्रेय बाटलीला मिळतं. 'नाकात सलाइनचे थेंब घाला, दूध थोडं थोडं पाजत राहा, लक्ष ठेवा' एवढंच सांगणाऱ्या डॉक्टरला आपण फी देतो, पण पुन्हा त्यांची पायरी चढत नाही.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या इस्पितळांत येत होती. आजार होता साधा, सर्दी-ताप. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या सिरपच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं ४८.६ टक्के. वीसहून जास्त मुलं गेली. भेसळीवर संताप झाला, धाडी पडल्या, ते योग्यच. पण त्या बाटलीत भेसळ नसती, तरी ती द्यायचं कारण काय होतं? त्यातल्या क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनच्या जोडीवर 'चार वर्षांखाली नको' असा इशारा छापायचा आदेश डिसेंबर २०२३ चा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं नकोतच, पाचखालीही सहसा नको.

मग करायचं काय? श्वास मोजायचे. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना अंगडं वर करा आणि अख्खं एक मिनिट पोटाकडे बघा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची हुशारी नको. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा तिथे पोचला किंवा पुढे गेला, तर डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, बाळ कण्हतंय, ओठ निळसर दिसताहेत, श्वास मधेच थांबतोय, नेहमीच्या निम्मंही दूध जात नाही, लंगोट कोरडे राहताहेत, यातलं एकही दिसलं तर आकड्याची वाट न बघता इस्पितळ गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला, तरी त्याच दिवशी दाखवा. आरएसव्हीचा जोर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो. पहिल्या दिवशीच 'काही नाही हो' म्हणून निर्धास्त होऊ नका.

हे काम अवघड वाटत असेल तर गडचिरोलीला विचारा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे श्वास मोजायचा एक साधा मणीफलक केला होता, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू. अक्षरओळख नसलेल्या सुईणीही हे करत. गावातच उपचार मिळाल्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले आणि ते संशोधन १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इकडे मनगटावरचं घड्याळ आपली पावलं मोजतं, झोप मोजतं. बाळाच्या पोटाकडे मिनिटभर बघायला मात्र आपल्याला वेळ नसतो.

विषाणू घरात येतो कसा, तर बहुधा पाहुण्यांबरोबर. बारशाला मावशी नाक ओढत येतात, 'ॲलर्जी आहे गं' म्हणतात आणि बाळाच्या दोन्ही गालांचे पापे घेतात. त्यांना 'आधी हात धुवा, जरा लांबून बघा' असं सांगायची इच्छा घरात एकाच व्यक्तीला असते. ती बाळंतीण असल्यामुळे तिला कुणी विचारत नाही.