स्टँडवरची सायकल

पूर्वी वाड्याच्या अंगणात स्टँडवर लावलेल्या सायकलचं पायडल उगाच गरागरा फिरवणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. "चेन उतरव आता, म्हणजे झालं!" हे ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळंच. तेच पोर आता पन्नाशीला टेकलंय, रिपोर्टात साखर आलीय, आणि त्याच उद्योगासाठी ते महिन्याला चांगले पैसे मोजतंय. अंधारी खोली, ओळीनं लावलेल्या सायकली, समोर चौथरा आणि चौथऱ्यावर कानाला माईक लावलेली मुलगी. धपाटा द्यायचं सोडून ती ओरडते, "कम ऑन गाईज, अजून फास्ट!"

याला स्पिन क्लास म्हणतात. इथल्या सायकलला घंटी नाही, दिवा नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. मागचं चाकसुद्धा नाही. पुढं एक पंधरा-वीस किलोचं जड चाक, आणि ते आवळायला हँडलच्या खाली एक नॉब. ट्रॅफिक नाही, खड्डे नाहीत, कुत्रं मागं लागत नाही. असली निरुपद्रवी वस्तू पाहून माणूस निर्धास्त होतो, आणि त्या निर्धास्तपणात गुडघा, कंबर, मनगट यांपैकी काहीतरी दुखवून घरी येतो.

हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं तो मात्र खरा रस्त्यावरचा गडी होता. जॉनी गोल्डबर्ग हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला सायकलपटू. लोक त्याला 'जॉनी जी' म्हणतात. १९८०च्या दशकात तो 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीच्या मागं लागला होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं आणि पूर्व किनारा गाठायचा, सुमारे ४,८०० किलोमीटर. झोपलात तरी घड्याळ चालूच. (नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये दोघांच्या संघातून आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये एकट्यानं पुरी केली, ती हीच शर्यत. असल्या वेडाला महाराष्ट्र अगदीच परका नाही.) रात्रीबेरात्री रस्त्यावर सराव करण्यातला धोका ओळखून जॉनी जीनं घरातच एक सायकल जुळवली. मग मित्र यायला लागले, मग सांता मोनिकाला जागा झाली, मग 'मॅड डॉग ॲथलेटिक्स' ही कंपनी निघाली, 'स्पिनिंग' हा ट्रेडमार्क झाला, आणि १९९०च्या दशकात श्विन या जुन्या सायकल कंपनीच्या नावानं तसल्या सायकली बाजारात येऊ लागल्या.

सायकलस्वारानं सायकलस्वारांसाठी केलेली ही वस्तू असल्यामुळं तिचा नियमही सरळ होता. रस्त्यावरच्या सायकलवर जे करणार नाही, ते इथंही करू नका. पुढं धंदा वाढला, तो मुख्यतः हा नियम मोडूनच.

आधी त्या जड चाकाविषयी. रस्त्यावरच्या सायकलला फ्रीव्हील असतं. उतार लागला की पाय स्थिर ठेवून खुशाल वारा खाता येतो. स्पिनच्या बऱ्याचशा सायकलींना ते नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पायही. पायानं चालवायच्या जुन्या शिवणयंत्रासारखं हे काम आहे: पाय थांबवला तरी चाक खालच्या पाटीला नाचवत राहतं, म्हणून शिंपी चाकावर तळवा ठेवतो. इथं तळव्याऐवजी नॉब. पिळला तर चाक जड होतं, सरळ खाली दाबला तर ब्रेक लागतो. क्लासची सुरुवात खरं म्हणजे या एका वाक्यानं व्हायला हवी. ती होते "आर यू रेडी?" या प्रश्नानं. त्याचं उत्तर आजवर कुणी "नाही" असं दिल्याचं ऐकिवात नाही. मग कधीतरी पट्ट्यातून पाय निसटतो, फिरतं पायडल नडगीवर येऊन आदळतं, आणि नॉब कशाला असतो हे त्या सभासदाला जन्मभरासाठी कळतं.

सीटची उंची हा तर स्वतंत्र अध्याय आहे.

"काका, सीट जरा वर घेऊ या."

"नको, नको. पाय टेकले पाहिजेत."

"इथं कशाला टेकायचेत?"

"सिग्नलला."

पुण्यात दोन पिढ्या सायकल चालवलेल्या माणसाकडून दुसऱ्या उत्तराची अपेक्षा करणं चूक. पण सिग्नलसाठी खाली ठेवलेली सीट गुडघ्याची वाट लावते. पाय पुरता सरळ होत नाही, गुडघा प्रत्येक फेरीत नको इतका दुमडतो, आणि मिनिटाला ऐंशी फेऱ्या धरल्या तरी पाऊण तासात हा आकडा साडेतीन हजारांच्या वर जातो. उपाय बिनखर्चाचा आहे. सायकलशेजारी उभं राहून सीट खुब्याच्या हाडाच्या पातळीला आणायची. मग वर बसून एक पायडल तळाला न्यायचं; त्या वेळी गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहिला की झालं. कोनमापक कंपासपेटीत राहू द्या. गुडघा अगदी ताठ नको आणि टोचेल इतका वाकडाही नको, एवढं पुरतं. सीट फार वर गेली तर माणूस पायडल गाठायला दोन्ही बाजूंना कलत राहतो. मागून पाहणाऱ्याला ते बेली डान्ससारखं दिसतं, करणाऱ्याच्या कमरेला मात्र त्यात काही गंमत वाटत नाही.

मग सीट पुढं-मागं. दोन्ही पायडलं आडव्या रेषेत आणल्यावर पुढचा गुडघा पायडलच्या दांड्याच्या साधारण वर यावा. हँडलचं म्हणाल, तर नवशिक्यानं ते सीटइतकं किंवा थोडं वरच ठेवावं. इथं तरुण मंडळींची अडचण होते, कारण खाली वाकलेलं हँडल शर्यतीतल्यासारखं दिसतं. दिवसभर लॅपटॉपसमोर पोक काढून बसलेला मुलगा संध्याकाळी तेच पोक वेगानं काढायला येतो. कोपरं सैल, मनगटं सरळ आणि खांदे कानांपासून दूर, या तीन गोष्टी इन्स्ट्रक्टरनं दर दोन मिनिटांनी सांगितल्या तरी कमीच. खांदे तर गाणं बदललं की आपोआप वर चढतात.

आता निषिद्ध गोष्टींकडं वळायला हरकत नाही. मूळ स्पिनिंगवाल्यांनी आपल्या प्रशिक्षकांसाठी काय करू नये याची यादीच करून ठेवली आहे. हँडलवर जोर काढायचे नाहीत. हातात डंबेल्स घ्यायची नाहीत. उलटं पायडल मारायचं नाही. हात सोडून चालवायचं नाही. एकच पाय चालवायचा नाही. उभं राहून वरचं शरीर दगडासारखं गोठवून ठेवायचं नाही. सपाट रस्त्याच्या सरावात वेग मिनिटाला ८० ते ११० फेऱ्या, चढाच्या सरावात ६० ते ८०, त्यापुढं नाही.

यात सोवळंओवळं काही नाही, प्रत्येक नियमाला कारण आहे. चाक सैल ठेवून ११०च्या वर पाय फिरू लागले की पाय चाकाला फिरवत नसतात, चाक पायांना फिरवत असतं. चालवणारा सीटवर चेंडूसारखा उडायला लागतो. घाम येतो खरा, पण तो भीतीचाही असू शकतो. हँडलवरचे जोर हा त्याहून मोठा विनोद. तालमीत जोर काढताना अंगाचं वजन हातांवर येतं. इथं ते सीटनं आणि पायडलांनी आधीच पेललेलं असतं. छातीला काम मिळत नाही, फक्त मनगटं आणि कंबर कुरकुरतात. एखाद्या वस्तादानं हे जोर पाहिले असते, तर त्यानं खुराक बंद केला असता. आणि पाऊण किलोची डंबेल्स हलत्या सायकलवर बसून वीस वेळा उचलल्यानं दंड भरत असते, तर भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढणाऱ्या प्रत्येक आजीनं महाराष्ट्र केसरीचा आखाडा गाजवला असता.

पण नियमांना गिऱ्हाईक नसतं. २००६ साली न्यूयॉर्कच्या अपर वेस्ट साइड भागात 'सोलसायकल' सुरू झालं, तेही जिथं पूर्वी मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहिली जायची त्या जागेत. मेणबत्त्या, अंधार, ढणढणतं संगीत आणि चौथऱ्यावर अर्धा नट, अर्धा बुवा असलेला प्रशिक्षक. उभं राहून पार्श्वभाग ठेक्यावर मागं आपटायचा, हँडलवर जोर, हातात वजनं, सगळं एकाच क्लासात. वर दिलेली यादी पुन्हा वाचली, तर तिच्यातल्या 'नको'ची इथं 'हवं' म्हणून तिकिटं विकली जात होती असंच म्हणावं लागेल. लोक तुटून पडले. त्यात लोकांचं फार चुकलं असंही नाही. सीटवर बसून पाऊण तास एका लयीत पाय फिरवणं हा प्रकृतीला अत्यंत हितकर आणि अत्यंत कंटाळवाणा प्रकार आहे. करमणूक हवीच. तक्रार आहे ती अंधाराबद्दल, कारण अंधारात प्रशिक्षकाला गुडघे दिसत नाहीत.

कानांचीही तशीच तक्रार. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. बॉस्टनमध्ये संशोधकांनी अशा क्लासांतला आवाज मोजला, तेव्हा तो सरासरी १००च्या घरात निघाला आणि पंधरा मिनिटांच्या पुढंही चालू राहिला. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिणारे गृहस्थ तसल्याच आवाजात डोळे मिटून पायडल मारतात, आणि बाहेर आल्यावर बायकोचं बोलणं ऐकू आलं नाही तर ते नेहमीचंच समजतात.

इथवर ठीक होतं, पण एक गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २०१७ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कजवळच्या डॉक्टरांचा एक लेख आला. त्याच्या शीर्षकातच 'फ्रीबी' हा शब्द होता. पहिला क्लास फुकट असतो, त्याला मारलेला हा टोमणा. विषय होता रॅब्डोमायोलिसिस. सवय नसलेल्या मांड्यांना एकदम अतोनात राबवलं की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं बसू शकतात. लघवी काळ्या चहासारखी होते, मांड्या सुजून कडक होतात. आणि हे पुष्कळदा एक-दोन दिवसांनी लक्षात येतं, तोवर माणूस "छान अंग दुखतंय, व्यायाम लागू पडला" अशा आनंदात असतो. स्पिन क्लासनंतरच्या अशा ४६ जुन्या घटना त्या डॉक्टरांना वैद्यकीय लेखनात सापडल्या. त्यांतल्या ४२ जणांचा तो पहिलाच क्लास होता.

पहिलाच का? कारण रस्त्यावर नवखा माणूस दमला की उतरतो, रसवंतीगृह शोधतो. इथं चाक पायांना थांबू देत नाही आणि शेजारची सत्तरीची आजी थांबत नाही, मग मान खाली घालून चालवत राहावं लागतं. वर चौथऱ्यावरून आरोळी येते, "नो क्विटिंग!" चांगला इन्स्ट्रक्टर ओळखायचा तो इथं. तो क्लासआधी विचारतो, "पहिल्यांदा कोण आलंय?" वर आलेल्या हातांपाशी स्वतः जातो, सीट लावतो, नॉब दाबून दाखवतो, आणि सांगतो की वीस मिनिटांनी उतरलात तरी चालेल, इथं हजेरी लागत नाही. मधेच तो आपल्या सायकलवरून खाली येतो आणि रांगांतून फिरतो. अशा माणसाच्या क्लासाला गर्दी कमी असते. "शिकवतो बरं, पण झिंग येत नाही," असं मत पडतं.

आणि बहुतेक इन्स्ट्रक्टरांना हे शिकवायचं कुणी? आपल्याकडं व्यायाम शिकवणाऱ्याला डॉक्टरसारखी सक्तीची सरकारी नोंदणी नाही. प्रमाणपत्रं आहेत, काही उत्तम आहेत. मूळ स्पिनिंगचा प्राथमिक अभ्यासक्रमसुद्धा एका दिवसात आटोपतो. तेवढ्यात गुडघ्याचं शास्त्र बसवायचं म्हणजे कठीणच, पण सीटची उंची नक्की बसते. फक्त ती पुढं रोज वापरायला हवी.

घरी सायकल घेऊन हा सगळा व्याप टाळता येतो, असं काहींना वाटतं. पण तसल्या सायकलच्या पडद्यावरचा न्यूयॉर्कचा प्रशिक्षक "ब्युटिफुल फॉर्म!" म्हणतो, ते काकांची सीट सिग्नलच्या उंचीवर असतानाही म्हणतो. शिवाय सीट बरोबर लावली तरी ती जागेवर राहायला हवी: मे २०२३मध्ये पेलोटन कंपनीनं सुमारे २२ लाख सायकलींच्या सीटचा खांब बदलून द्यायचं जाहीर केलं. खांब वापरताना मोडून निसटल्याच्या ३५ तक्रारी आल्या होत्या, १३ जणांना इजा झाली होती.

तरीही चिकाटीचे सभासद टिकतात. त्यांची खूण म्हणजे त्यांना आपले आकडे पाठ असतात. सीटच्या आणि हँडलच्या खांबांवर आकडे कोरलेले असतात, आणि एकदा नीट मोजून घेतलं की "सीट ६, मागं ४, हँडल ८" हे माणूस रक्तगटाच्या आधी सांगतो. सिग्नलवाल्या काकांनीही ते शेवटी मोबाइलच्या कव्हरमागं चिठ्ठीवर लिहून ठेवले. मग ते मुलीकडं ठाण्याला गेले, तिथल्या क्लासात ऐटीत शिरले आणि चिठ्ठी पाहून सीट सहावर लावली. सायकल दुसऱ्या कंपनीची होती. तिथल्या सहावर बसल्यावर काकांचे दोन्ही पाय जमिनीला छान टेकले, आणि समोरच्या मुलीनं त्यांना "परफेक्ट, सर!" म्हटलं.